जुनी क्रूझर घेताना: अकरा गाड्या, एक वही

परभणीच्या भाच्याला क्रूझर, म्हणजे बुटकी, ऐसपैस बसायची मोटरसायकल, घ्यायची होती. जुनीच, आणि सगळं मिळून एक लाखाच्या आत. त्यानं मोबाईलवर वीस-बावीस फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, यातली कोणती चांगली?" फोटोत सगळ्याच चांगल्या होत्या. गाडी धुऊन, टायरला पॉलिश मारून, संध्याकाळच्या उन्हात उभी केली की दहा वर्षांची थंडरबर्डसुद्धा कालच शोरूममधून काढल्यासारखी दिसते. मी त्याला म्हणालो, आधी एक वही घे. एका गाडीला एक पान. वर गाडीचा नंबर, खाली जे दिसेल ते सगळं.

महिनाभरात आम्ही अकरा गाड्या पाहिल्या. आठ पहिल्याच फेरीत गळाल्या. उरलेल्या तीन म्हणजे जालन्याच्या एका डीलरकडची २०१६ ची थंडरबर्ड ३५०, माजलगावच्या एका निवृत्त गुरुजींची २०१९ ची अव्हेंजर २२० आणि उदगीरची, पण कर्नाटक पासिंगची, २०२१ ची मिटिओर ३५०. या तिघींच्या निमित्तानं जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितो. कारण आपल्याकडं लोक मॉडेलची तुलना रात्र-रात्र करतात आणि समोर उभी असलेली गाडी दहा मिनिटांत पाहून इसार देऊन मोकळे होतात. जुन्या गाडीत मॉडेल अर्धंच बोलतं. बाकीचं ती गाडी कुणाकडं होती, कुठल्या रस्त्यावर चालली आणि तिचे कागद कुणाच्या नावावर आहेत, यावर ठरतं.

आधी आपलं माप

क्रूझर म्हणजे बसायची जागा खाली, पाय जरा पुढं, हँडल हाताशी आणि दोन चाकांतलं अंतर जास्त. सरळ रस्त्यावर तासन् तास बसता येतं, पाठ धरत नाही. हीच गाडी गल्लीत वळवताना, ऊन तापलेलं असताना ट्रॅफिकमध्ये ढकलताना आणि शेताच्या रस्त्यानं नेताना वेगळी वागते. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पहिली, रोजचा रस्ता. भाच्याचं रोज परभणी ते जिंतूर जाणं-येणं, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. त्याला अ‍ॅव्हरेज महत्त्वाचं आणि वाटेत बिघडली तर जिंतूरच्या मेस्त्रीला दुरुस्त करता येईल अशी गाडी महत्त्वाची. जो माणूस आठवड्यातून एकदा बायकोला घेऊन तुळजापूरला जाणार आहे, त्याचं पान वेगळं असेल. (समृद्धी महामार्गाचं स्वप्न पाहत असाल तर सोडून द्या, तिथं दुचाकीला परवानगी नाही.)

दुसरी, उंची आणि ताकद. भाचा पाच फूट चार इंच. अव्हेंजर २२० च्या सीटची उंची ७३७ मिलिमीटर, मिटिओरची ७६५. दोन्हीवर त्याचे पाय टेकतात. पण अव्हेंजरचं वजन साधारण १५५ ते १६३ किलो, मिटिओरचं १९१, थंडरबर्डचं १९२. हा तीस-पस्तीस किलोंचा फरक चालवताना कळत नाही. घरासमोरच्या उतारावर गाडी उलटी मागं घ्यायची वेळ येते तेव्हा कळतो. गाडी बघायला जाल तेव्हा बसून झाल्यावर ती बंद ठेवून पंधरा पावलं मागं ढकलून बघा.

तिसरी, काळी माती. पावसाळ्यात वावरात रोज गाडी न्यायची असेल तर क्रूझर घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. पुढच्या मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल असा बसतो की चाक फिरायचं थांबतं आणि उलथन्यानं खरवडत बसावं लागतं. शेतासाठी साधी शंभर-सव्वाशे सीसीची गाडी बरी.

कोणकोणत्या गाड्या मिळतात

आपल्या भागात जुन्या बाजारात सगळ्यात जास्त अव्हेंजर दिसते. बजाजनं कावासाकीबरोबर २००१ मध्ये आणलेली एलिमिनेटर ही तिची आई. २००५ मध्ये अव्हेंजर १८० आली, मग २०० आणि २०१० मध्ये २२०. ऑक्टोबर २०१५ पासून क्रूझ आणि स्ट्रीट अशी नावं पडली. स्ट्रीटमध्ये १५०, १८० आणि १६० सीसीचीही इंजिनं येऊन गेली, म्हणून "अव्हेंजर आहे" एवढ्यावर जाऊ नका, आर.सी.वरची, म्हणजे नोंदणीच्या कागदावरची, सीसी वाचा. २२० चं इंजिन पल्सर २२० च्या घरातलं आहे, त्यामुळं गंगाखेडपासून भोकरपर्यंत कुठलाही मेस्त्री ते उघडतो. दोन गोष्टी मात्र बघा. या गाडीला किक नाही, म्हणजे बॅटरी मेली की धक्का. आणि मागचा टायर १५ इंची आहे. तो तालुक्याच्या दुकानात हमखास असेलच असं नाही, आधी विचारून ठेवा.

थंडरबर्ड ही रॉयल एनफिल्डची. तिच्यात २००८ पासूनची ट्विनस्पार्क, म्हणजे दोन प्लगची, बघा. त्याआधीच्या गाड्या नाद असलेल्या माणसानं घ्याव्यात, रोजच्या कामासाठी नकोत. २०१२ मध्ये नवं रूप आलं, २० लिटरची टाकी आली. २०१८ मध्ये अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायरवाली एक्स आली. २०२० मध्ये थंडरबर्ड बंद झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीची मिटिओर आली. मिटिओरचं ३४९ सीसीचं इंजिन वेगळंच आहे, थरथर खूप कमी, दोन्ही चाकांना डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा). डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ मध्ये बनलेल्या मिटिओर कंपनीनं इग्निशन कॉइल तपासायला परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी असेल तर कॉइलचं काम झालं का, हे चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

सुझुकी इंट्रूडर २०१७ च्या शेवटी आली आणि पुढं बंद झाली. आतलं १५५ सीसीचं इंजिन जिक्सरचं, त्यामुळं इंजिनाची काळजी नाही. बाहेरचं प्लास्टिक भरपूर, ते फुटलेलं असेल तर शोधत फिरावं लागेल. जावा पेराक आणि ४२ बॉबर दिसायला देखण्या, पण एका माणसाच्या. घरात दुसरी गाडी असेल तरच त्यांचा विचार करा. यूएम रेनेगेड फार स्वस्तात मिळते. त्या कंपनीचा इथला कारभार २०१९ मध्ये बंद पडला आहे, तेव्हा स्वस्ताईला भुलू नका. सुपर मिटिओर ६५० किंवा हार्ले स्ट्रीट ७५० घेणाऱ्यानं आपल्या घरापासून सर्व्हिस सेंटर किती किलोमीटर आहे, एवढा एकच आकडा आधी काढावा.

एक तारीख लक्षात ठेवा: १ एप्रिल २०१९. तेव्हापासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. दोन गाड्यांमध्ये अडलात आणि एक या तारखेच्या आधीची, एक नंतरची असेल, तर पाच हजार जास्त देऊन नंतरची घ्या. आपल्या रस्त्यावर ज्वारी-सोयाबीन वाळत घातलेलं असतं, उसाच्या ट्रॅक्टरमागं चिपाडं पडलेली असतात. तिथं पुढचं चाक घसरू न देणारी वस्तू पाच हजारांपेक्षा मोठी आहे.

फोनवरच निम्म्या गाड्या गाळा

गाडी बघायला दीडशे किलोमीटर जाण्याआधी फोनवर विचारा: आर.सी. तुमच्याच नावावर आहे का? कितवे मालक? बँकेचा बोजा आहे का, असेल तर एन.ओ.सी. (ना हरकत दाखला) मिळाली का? दोन्ही चाव्या आहेत का? इंजिन कधी खोललं का? मूळ सायलेन्सर आहे का? "नावावर मित्राच्या आहे, पण काही टेन्शन नाही" असं उत्तर आलं की फोन ठेवा. आमच्या आठातल्या चार गाड्या याच प्रश्नावर गेल्या.

गाडीचा नंबर मागून एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, बोजा, विमा, पीयूसी, सगळं कळतं. चलन किती बाकी आहेत ते महाराष्ट्राच्या ई-चलनाच्या साइटवर पाहा. नंबर द्यायला जो माणूस कां-कूं करतो, त्याच्याकडं जायचंच नाही.

आणि शेवटी एक विनंती करा: "आम्ही सकाळी आठला येतो, तोवर गाडी चालू करू नका."

इंजिनाला हात

जालन्याला आम्ही आठ वाजताच पोहोचलो. माझ्याबरोबर आमचे नेहमीचे चाचा होते, चाळीस वर्षं बुलेटच्या कामात गेलेले. थंडरबर्ड चकाचक उभी. चाचांनी ना सेल्फ मारला ना गाडीवर बसले. खाली वाकून उलटा हात इंजिनाच्या फिन्सजवळ नेला आणि माझ्याकडं पाहिलं. "तापलेली आहे भाऊ." डीलर म्हणाला, पोरानं पुसताना चालू केली असेल. चाचा म्हणाले, "काही हरकत नाही. आम्ही बाजारात जाऊन येतो, बाराला बघू. तोवर राहू द्या."

बाराला इंजिन गार होतं. सेल्फ दाबला आणि आतून कडाक् आवाज आला, जसा लोखंडी कडी तुटल्यावर येतो. दुसऱ्यांदा नुसतंच फिरलं. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. या इंजिनात सेल्फच्या मोटरची ताकद पुढं पोचवणारा एकतर्फी क्लच असतो, स्प्रॅग म्हणतात त्याला. तो झिजला की गार इंजिनावर असा ठोका देतो. तापलेल्या इंजिनावर हे कळलंच नसतं. गार इंजिनाचा आग्रह धरायचा तो यासाठी.

चालू झाल्यावर दोन मिनिटं काहीच करू नका, नुसतं ऐका. सुरुवातीची टकटक तेल वर चढल्यावर कमी होत असेल तर ठीक. आवाज तापल्यावर वाढत गेला तर काम आहे. अव्हेंजरमध्ये टायमिंग चेन सैल झाली की चर्र असा आवाज येतो, तो रेस सोडल्यावर जास्त जाणवतो. मग एकाला मागं उभं करून रेस द्या, सोडा, पुन्हा द्या. पुन्हा देताना निळसर धूर आला तर तेल जळतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो सेटिंगचा विषय असू शकतो. थंडीच्या सकाळी येणारी आणि लगेच जाणारी पांढरी वाफ सोडून द्या.

इंजिन ऑइल काळं असलं म्हणून घाबरू नका. ते दुधाळ असेल, किंवा बोटावर चोळल्यावर उन्हात चकाकणारा चुरा दिसला, तर वही बंद करा. ट्विनस्पार्क थंडरबर्ड आणि अव्हेंजर २२० दोन्हींत दोन-दोन प्लग आहेत. एक मेलेला असला तरी गाडी चालते, फक्त ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त खाते. दोन्ही चालू आहेत का ते मेस्त्रीकडून बघून घ्या.

अंगावरच्या खुणा

चाचांनी मग हँडल डावीकडं-उजवीकडं टोकापर्यंत फिरवलं. फ्रेमवर, हँडलच्या नळीखाली, हँडल जिथं येऊन थांबतं तिथं एक छोटा लोखंडी ठोकळा असतो. उजवीकडचा नीट होता. डावीकडचा दबलेला आणि त्यावर ताजा काळा रंग. रंगाचे बारीक शिंतोडे शेजारच्या वायरींच्या नळीवरही उडालेले. समोरून जोरात धडक बसल्याशिवाय हा ठोकळा सहसा दबत नाही. टाकी बदलता येते, हेडलाइट बदलतो, मडगार्ड बदलतं. हा ठोकळा फ्रेमचाच भाग असतो. प्रत्येक गाडीत हा मोबाईलच्या उजेडात बघा, आणि गाडीच्या मागं दहा पावलांवर बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तेही पाहा.

पुढच्या फोर्कची चकाकणारी नळी जिथं खालच्या भागात शिरते तिथं बोट फिरवा. तेल गळत असेल तर आपल्याकडची धूळ तिथं चिकटून काळी कडी तयार होते. ही कडी पुसून ठेवलेली असते, म्हणून पुढचा ब्रेक दाबून गाडी सात-आठ वेळा दाबा आणि पुन्हा बोट फिरवा. नंतर पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल अगदी हळू फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या नळीतलं बेअरिंग, गेलाय. क्रूझरचा फोर्क पुढं जास्त तिरका असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाललेल्या गाडीत मी कोनसेट नेहमी बघतो. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, खडखड लागली तर मागच्या आर्मचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग.

चेनची परीक्षा सोपी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं बाहेर ओढा. दाताचा निम्मा भाग उघडा पडला, किंवा दात लाटेसारखे एका बाजूला झुकलेले दिसले, की पूर्ण सेटचे पैसे वहीत लिहा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मे महिन्याच्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत तापलेल्या डांबरावर विश्वासाचा राहत नाही. नक्षीच्या खाचेत बारीक भेगा असतील तर बदलायचाच. स्पोकची चाकं असतील तर प्रत्येक तार पान्यानं हलकेच वाजवा. सैल तार बद्द वाजते.

क्रूझर बुटकी असते, म्हणून तिचं पोट बघायला विसरू नका. आपल्याकडच्या गावांतले स्पीड ब्रेकर ज्याला वाटेल त्यानं टाकलेले. सायलेन्सरच्या वाकाखाली आणि इंजिनाच्या तळाशी खरचटलेलं थोडंफार असणारच. इंजिनाच्या तळाला चीर किंवा वेल्डिंग दिसलं तर सोडा.

टाकीचं झाकण उघडून आत उजेड टाका. शेडमध्ये महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. सीट काढून वायरिंग पाहा. शेतातल्या घराजवळ उभी राहणारी गाडी असेल तर उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, आणि जादा हॉर्न-लाइट लावणाऱ्यांनी त्या कापून टेप गुंडाळलेल्या असतात. एक साधा मीटर बरोबर ठेवा. गाडी बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू करून रेस दिल्यावर चौदाच्या आसपास दिसलं पाहिजे.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नका. आकडा मागं घेता येतो, वस्तूंची झीज मागं घेता येत नाही. मीटरवर अठरा हजार आणि गिअरच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत, चावीचे दात घासलेले, डिस्कच्या कडेला नखाला लागेल असा काठ आलेला, तर कशावर विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. गुरुजींच्या अव्हेंजरवर ४१ हजार किलोमीटर होते. गाडी धुतलेलीसुद्धा नव्हती, लेग गार्डवर माजलगावच्या धरणाकडची धूळ होती. पण त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सर्व्हिसची सगळी बिलं काढून ओट्यावर मांडली, तारखेनं लावलेली. मला त्या ४१ हजारांची काळजी वाटली नाही.

चालवून बघताना

चौकापर्यंत जाऊन परत येणं म्हणजे चालवून बघणं नाही. दहा-बारा किलोमीटर तरी चालवा, आणि त्याआधी गाडीचा विमा चालू आहे का ते बघा. हेल्मेट घालूनच. रस्ता असा निवडा की एखादा वाईट तुकडा, दोन ब्रेकर आणि साठ-सत्तरनं जाता येईल असा सरळ पट्टा मिळेल.

चौथ्या गिअरमध्ये चाळीसला येऊन एकदम पूर्ण रेस द्या. आवाज वाढला आणि गाडी मागं राहिली तर क्लच प्लेट गेल्या. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेस सोडून गाडी आपोआप मंद होऊ द्या. गिअर बाहेर उडाला तर गिअरबॉक्सचं काम आहे आणि ते महागात जातं. सरळ पट्ट्यावर हँडलवरची पकड सैल करा, हात सोडू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल तर फ्रेम, फोर्क किंवा चाक, कुठंतरी वाक आहे. मोकळ्या जागेत पूर्ण हँडल वळवून फेरी घ्या. परतल्यावर बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा, कारण काही गाड्या तापल्यावरच रुसतात.

मग मागं माणूस बसवून एक फेरी. आमच्या बहिणीला गुडघ्याचा त्रास आहे, ती भाच्याच्या मागं बसून कधीमधी दवाखान्यात जाणार. तिला खरंच बसवून पाहिलं. अव्हेंजरच्या मागच्या सीटवर तिला चढता आलं, थंडरबर्डवर चढताना तिनं माझा खांदा धरला. हेही वहीत लिहिलं.

कागद

गाडी नापास झाली तर दोन-पाच हजारांचा प्रवास वाया जातो. कागद नापास झाले तर वर्षानुवर्षं पुरतं.

आर.सी.वरचा चॅसिस नंबर आणि फ्रेमवर कोरलेला नंबर एकेक अक्षर ताडून बघा. नंबराभोवती घासलेलं किंवा नवीन रंगवलेलं असेल तर किंमत कितीही कमी असो, घरी या. इंजिन नंबरही बघा. रंग आर.सी.त लिहिला तोच आहे ना, हे पाहा. आर.सी.वर बँकेचं नाव असेल तर बँकेची एन.ओ.सी. आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हवा. "हप्ते संपलेत" हे तोंडी चालत नाही. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेत असाल तर पुन्हा पासिंग आणि पर्यावरण कर हाही खर्च धरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का ते पाहा.

मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होऊ द्या, मगच पैसे द्या. गावाकडं ही अडचण फार वेळा येते आणि माणुसकीपोटी लोक गप्प बसतात. गप्प बसू नका, वारसालाही ते करून घेणं फायद्याचंच आहे.

आता सीमेवरची गोष्ट. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा, उमरगा या पट्ट्यात तेलंगणा आणि कर्नाटकाच्या गाड्या सर्रास मिळतात आणि स्वस्त वाटतात. उदगीरची मिटिओर खरोखर सुंदर होती. इंजिनाचा आवाज घड्याळासारखा, टायर चांगले, एकच मालक. पण परराज्यातली गाडी इथं कायमची वापरायची तर तिथल्या आर.टी.ओ.ची फॉर्म २८ वरची एन.ओ.सी. लागते, इथं कर भरून फॉर्म २७ नं नवा नंबर घ्यावा लागतो, आणि हे १२ महिन्यांच्या आत करायचं असतं. मालकानं एन.ओ.सी. काढलेलीच नव्हती. "तुम्ही घेऊन जा, मी पाठवून देतो," म्हणाला. माणूस सज्जन होता, पण एन.ओ.सी. हातात पडेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत हे आम्ही आधीच ठरवलं होतं.

वहीतली बेरीज

आता तिन्ही पानं शेजारी ठेवा. मागितलेली किंमत वर लिहा, खाली चाचांनी सांगितलेला लगेचचा खर्च आणि नावावर करण्याचा, विम्याचा खर्च.

थंडरबर्ड: मागणी ८५,०००. दोन टायर ७,०००, चेन सेट ३,५००, कोनसेट १,५००, फोर्कचे सील आणि तेल १,५००, सेल्फच्या क्लचचं काम मजुरीसह ६,५००. कागद आणि विमा ३,०००. एकूण १,०८,०००. आणि फ्रेमच्या दबलेल्या ठोकळ्याची किंमत कशातच धरता येत नाही.

अव्हेंजर: मागणी ७२,०००. मागचा टायर ३,२००, बॅटरी १,८००, सर्व्हिस आणि बारीकसारीक २,५००. कागद आणि विमा ३,०००. एकूण ८२,५००.

मिटिओर: मागणी १,३५,०००, दुरुस्ती जवळजवळ नाही, पण एक लाखाच्या पलीकडं, आणि कराचा आकडा आर.टी.ओ.तून काढल्याशिवाय बेरीज पुरी होत नाही.

हे आकडे आमच्या त्या तीन गाड्यांचे आहेत. तुम्ही तुमच्या मेस्त्रीकडून आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून भाव काढा. पद्धत तीच ठेवा: मागितलेली किंमत कधीच एकमेकींशी ताडू नका, रस्त्यावर धावायला तयार झालेल्या गाडीची किंमत ताडा. भाच्याला थंडरबर्डचा आवाज अजून आठवतो, हे मी मान्य करतो. पण त्याचा पगार, त्याचा जिंतूरचा रस्ता आणि आईचा गुडघा हे तिन्ही अव्हेंजरच्या बाजूला होते. वर्षातून चार वेळा दोघांनी लांबचा प्रवास करणारं आणि बजेट वाढवू शकणारं जोडपं असतं, तर मी महाराष्ट्र पासिंगची मिटिओर शोधायला सांगितली असती.

भाव, इसार आणि नावावर करणं

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका. वही उघडून दाखवा. गुरुजींना आम्ही टायर, बॅटरीचा हिशेब दाखवला. त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि ६८,००० म्हणाले. खतं-बियाणं आणि शाळेची फी एकदम येते त्या जून-जुलैत विकणारे जास्त असतात. सोयाबीनचा पैसा हातात येतो तेव्हा, दसरा-दिवाळीला, घेणारे जास्त. घाई नसेल तर हे बघून जा, असं माझं मत आहे.

इसार द्यायचा तर थोडाच, आणि चिठ्ठीवर गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, तारीख आणि कागद न जुळल्यास इसार परत, हे लिहून दोघांच्या सह्या. बाकी रक्कम खात्यावरूनच. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही, आधारची प्रत, मूळ आर.सी., विमा, पीयूसी आणि दोन्ही चाव्या एकाच वेळी ताब्यात घ्या. अर्ज ऑनलाइन भरताना ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाईलवर जातो. आर.सी.ला जोडलेला नंबर चालू आहे ना, हे तिथंच बसून तपासा, नाहीतर पुन्हा फेरी.

विक्रीची सूचना विकणाऱ्यानं १४ दिवसांत द्यायची असते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. सप्टेंबर २०१८ नंतरच्या नव्या गाड्यांना थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा काढलेला असतो, त्यामुळं २०२१-२२ ची गाडी असेल तर त्याची तारीख नीट वाचा.

नावावर करणं टाळलं तर विकणाराही अडकतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईत, आर.सी.वर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल, गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो. हे गुरुजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग आजच चला की आर.टी.ओ.त." बीडला आम्ही तिघं बरोबरच गेलो. गाडी परभणीला न्यायची म्हणून बीडची एन.ओ.सी.ही त्याच दिवशी अर्जात टाकली, आणि संध्याकाळी पाथरीमार्गे परत निघालो. भाचा पुढं अव्हेंजरवर, मी मागं माझ्या गाडीवर, दोघंही पन्नासच्या वर न जाता, कारण मागचा टायर अजून जुनाच होता.